गुरुजींच्या पाटल्या : नुसतं ‘वाटणं’ विश्वासाला पुरतं का?

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली ही पतसंस्था. मी तिचा संचालक आहे आणि कर्ज समितीवर बसतो. त्याआधी तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. वर्गात ज्या प्रश्नावर तासन् तास बोललो, तो प्रश्न २०२२ च्या पावसाळ्यात एका दुपारी शाखेच्या काउंटरवर येऊन बसला, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे. माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. वजनं आणि घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

प्रश्न असा आहे. एखादी गोष्ट मला तशी वाटते, एवढ्यावर ती तशी आहे असं मानण्याचा हक्क मला मिळतो का? समोरची भिंत पांढरी दिसते म्हणून ती पांढरी आहे असं मी मानतो. कोणी पुरावा मागितला तर ‘दिसतेय की’ यापलीकडे माझ्याजवळ काही नसतं. अमेरिकन तत्त्वज्ञ मायकल ह्यूमर यांनी २००१ मध्ये ही भूमिका नेटकी मांडली : एखादी गोष्ट खरी वाटत असेल आणि तिच्यावर शंका घ्यायला कारण नसेल, तर निदान काही प्रमाणात ती खरी मानायला आपल्याला आधार मिळतो. आपल्याकडे सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या एका थोर आचार्यांनी, याच्या फार जवळची गोष्ट सांगितली होती. ज्ञान मुळातच प्रमाण म्हणून येतं, म्हणजे त्याचं प्रामाण्य, त्याची विश्वासार्हता, ‘स्वतः’ असते. ते रद्द होतं दोन वाटांनी : वस्तू प्रत्यक्षात वेगळी निघाली तर, किंवा ज्या कारणातून ते ज्ञान झालं त्या कारणातच दोष आहे असं कळलं तर. नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या तत्त्वज्ञांना, हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते प्रामाण्य ‘परतः’, म्हणजे बाहेरच्या दुसऱ्या कशावरून तरी, कळतं. पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यालो, तहान भागली, तेव्हा कळतं की ते पाणी होतं, मृगजळ नव्हतं.

आता शाखेत येऊ. आमच्या सोनेतारण कर्जाची पद्धत साधी आहे. ग्राहक दागिने आणतो. संस्थेने नेमलेला सराफ त्यांची पारख करतो, वजन आणि कस, म्हणजे शुद्धता, लिहून सही देतो. मूल्याच्या ७० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं आणि दागिने सीलबंद पाकिटात तिजोरीत जातात. नव्या दागिन्यांवर २०२१ पासून सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक येऊ लागला, त्यामुळे ती पारख सोपी झाली आहे. पण आमच्याकडे येतं ते बहुतेक घरातलं जुनं सोनं : आईच्या पाटल्या, आजीची बोरमाळ. त्यावर कसलाही शिक्का नसतो. तिथे सगळा भार सराफाच्या नजरेवर आणि हातावर.

आमचे सराफ, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, बापाच्या दुकानात बाराव्या वर्षापासून बसलेले. आमच्याकडे ते २०२१ मध्ये आले. त्यांच्या आधीचे सराफ वयोमानामुळे थांबले होते.

अडचण

त्या दिवशी आलेले ग्राहक म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात त्यांना गुरुजी याखेरीज दुसरं नाव नाही. शाखेचा मॅनेजर त्यांच्याच हाताखाली चौथी शिकलेला. गुरुजींना नातीच्या कॉलेजची आणि वसतिगृहाची फी भरायची होती, ३ लाख रुपये, आणि मुदत दुसऱ्या दिवशीची. त्यांनी चार बांगड्या आणि पाटल्यांचा एक जोड काढून ठेवला. बांगड्या ५२ ग्रॅम, पाटल्या ४८.२० ग्रॅम. संस्थेने त्या दिवशी २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ४,८०० रुपये धरला होता. सगळं मिळून ३ लाख सहज बसत होते. पाटल्या वजा केल्या तर बसत नव्हते.

आण्णांनी बांगड्या पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. मग एक पाटली उचलली, तळहातावर दोनदा झेलली आणि थांबले. दुसरी घेतली, तीही झेलली. कसोटीच्या दगडावर रेघ ओढली, शेजारी ठरलेल्या कसाच्या सळईची रेघ ओढली, दोन्हींवर तेजाब सोडलं. दोन्ही रेघा सारख्याच टिकल्या. कस २२ कॅरेटचा उतरला. तरी आण्णा सही करीनात.

मॅनेजरने विचारलं, “काय झालं, आण्णा?”

“कस चांगला आहे साहेब. पण मला ह्या बऱ्या वाटत नाहीत.”

“बऱ्या वाटत नाहीत म्हणजे?”

“ते सांगता येत नाही. वाटत नाहीत.”

मॅनेजरने आतून फाइल मागवली. हाच पाटल्यांचा जोड गुरुजींनी २०२० मध्ये आमच्याकडेच तारण ठेवला होता आणि वर्षभरात सोडवूनही नेला होता. तेव्हाच्या पावतीवर वजन ४८.२५ ग्रॅम, कस २२ कॅरेट आणि आधीच्या सराफांची सही. दोन वर्षांच्या वापरात पाच सेंटिग्रॅमची झीज ही अगदी साहजिक. म्हणजे वस्तू तीच होती. कागद पाटल्यांच्या बाजूने, कसोटी त्यांच्या बाजूने, गुरुजींची पत त्यांच्या बाजूने. विरुद्ध बाजूला एका माणसाचं ‘वाटत नाही’.

मॅनेजरने मला फोन केला. मी पोचलो तेव्हा गुरुजी बाहेरच्या बाकावर छत्री दोन्ही हातांत धरून बसले होते.

इथे एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे, कारण तिच्यावाचून माझ्या मनातला गोंधळ कळणार नाही. काही महिन्यांपूर्वी ऊसतोडीला आलेली एक बाई बोरमाळ घेऊन शाखेत आली होती. आण्णांना तेव्हाही ‘बरं वाटलं नव्हतं’. त्यांनी चारचौघांत मोठ्याने विचारलं, “पावती आहे का? कुणाची आहे ही?” बाईंनी सांगितलं, आईची आहे. आण्णांनी माळ उलटसुलट केली, मणी दाबून पाहिले. शेवटी कस उत्तम निघाला, सोनं निखळ होतं. बाईंनी माळ उचलली, पदरात बांधली आणि कर्ज न घेताच गेल्या. मी तिथे होतो. मी काही बोललो नाही. आण्णांना वाटलेलं ते माळेविषयी नव्हतं, बाईंच्या लुगड्याविषयी आणि पायांतल्या चिखलाविषयी होतं. आणि आण्णांना स्वतःला यातला फरक आतून कळत नव्हता. त्यांच्या लेखी दोन्ही वेळा एकच अनुभव होता : बरं वाटत नाही.

समोरचे पर्याय

कर्ज समितीचे आम्ही तिघं आणि मॅनेजर आतल्या खोलीत बसलो. अर्धा तास गेला असेल.

मॅनेजरचं म्हणणं सरळ होतं. कसोटी आणि जुनी पावती ग्राह्य धरा, कर्ज द्या. गुरुजींवर शंका घेणं म्हणजे गावावर शंका घेणं. तो हे मनापासून बोलत होता. त्याला पाटल्या खऱ्या ‘वाटत’ होत्या, तो तसं ढोंग करत नव्हता. पण मी त्याच्याकडे पाहत होतो आणि मला दिसत होतं की त्याच्या वाटण्यात शाळेचा वर्ग होता, पाटीवरचा पहिला शेरा होता आणि तिमाहीचं कर्जवाटपाचं उद्दिष्टही होतं. पीटर मार्की या तत्त्वज्ञांनी ह्यूमर यांच्यासारख्या भूमिकेवर आक्षेप घेताना नेमकं सोन्याचंच उदाहरण घेतलं आहे. सोनं शोधायला निघालेले दोघे, एक जाणकार आणि एक नवखा. समोरचा पिवळा खडा दोघांनाही सोनं वाटतो. जाणकाराला तो तसा वाटतो शिकलेल्या नजरेमुळे, नवख्याला सोनं सापडावं या इच्छेमुळे. दोघांचं वाटणं सारखंच ठसठशीत. मग दोघांच्या विश्वासाला सारखाच आधार आहे असं म्हणायचं? माझं मन हे कधीच मान्य करत नव्हतं. त्या दिवशी तर दोन्ही माणसं एकाच खोलीत होती.

दुसऱ्या एका संचालकांनी सुचवलं, बाजारपेठेतल्या एका मोठ्या दुकानात कॅरेट मीटर आहे, तिथे तपासून आणू. यंत्र आहे, शंकाच उरणार नाही. आण्णांनी मान हलवली. ते यंत्र क्ष-किरण सोडून धातू ओळखतं, पण सोन्यात ते काही मायक्रॉनच आत पाहतं. कसोटीची रेघही वरच्याच थराची. यंत्राने ९१.६ दाखवलं असतं तर आम्हाला दोन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटलं असतं. पण ते दोघेही एकाच खिडकीतून पाहणारे. पावतीचंही तेच. २०२० ची सही कशावर झाली होती? अशाच एका रेघेवर. म्हणजे आमच्याजवळ तीन पुरावे होते असं जे वाटत होतं, ते खरं तर एकाच पुराव्याचे तीन कागद होते. हे उमजलं तेव्हा माझं मत फिरलं.

तिसरा पर्याय पाटल्या परत करण्याचा होता. ‘या नियमात बसत नाहीत’ असं काहीतरी गुळमुळीत सांगायचं. संस्था सुरक्षित राहिली असती. पण गुरुजी त्या पाटल्या घेऊन दुसऱ्या दारात गेले असते, आमच्या मनातली शंका त्यांना कधीच कळली नसती आणि सबंध गावाला ती कळायला दोन दिवस लागले नसते.

चौथा ‘मधला मार्ग’ : पाटल्यांचं मूल्य निम्मं धरा. मला हा सगळ्यांत वाईट वाटला आणि मी तसं बोललोही. आपली खात्री निम्मी आहे म्हणून पाटली निम्मी सोन्याची होत नाही. ज्या शंकेचं निरसन करता येतं ती आकड्यात मुरवून टाकणं म्हणजे ग्राहकाशी आणि ठेवीदारांशी एकाच वेळी खोटं वागणं.

उरला तो पर्याय होता आण्णांच्या वाटण्याला निकाल न मानता चौकशीचं कारण मानण्याचा, आणि ती चौकशी गुरुजींच्या समोर, त्यांच्या संमतीने करण्याचा.

आम्ही काय केलं

बाहेर जाऊन गुरुजींशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. बोरमाळेच्या वेळी गप्प राहिलो होतो, ते आठवत होतं. त्यांना आतल्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं, “गुरुजी, कस चांगला आहे. पण आण्णांच्या हाताला काहीतरी खटकतंय, काय ते त्यांनाही सांगता येत नाही. आमची शंका तुमच्याबद्दल नाही, वस्तूबद्दल आहे. तुमच्यासमोर पाण्यातलं वजन करून बघू का? वस्तूला काही होत नाही.”

गुरुजी म्हणाले, “करा की. विज्ञानाच्या तासाला मुलांना मीच दाखवायचो ते.”

शाखेच्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि काटा शून्यावर आणला. एक पाटली दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली, तळाला आणि कडेला लागू न देता. काटा जितके ग्रॅम दाखवतो तितके घनसेंटिमीटर वस्तूचं आकारमान. पाटलीचं वजन २४.१० ग्रॅम. भरीव २२ कॅरेट सोन्याची घनता साधारण १७.७, म्हणजे काट्यावर १.३६ च्या आसपास यायला हवं होतं. आलं २.४०. भागाकार केला : घनता १०. पडताळा म्हणून एक बांगडी तशीच सोडली, ती साडेसतराच्या घरात आली. दुसरी पाटली पहिलीसारखीच.

मॅनेजरचा चेहरा उतरला. पण इथे घाई करून चाललं नसतं, आणि या वेळी थांबवलं ते आण्णांनीच. घनता १० आली म्हणजे खोट, असं नाही. पत्र्याची पोकळ पाटली आत लाख, म्हणजे राळेसारखा पदार्थ, भरून करतात. लाख पाण्याहून जेमतेम जड, तेव्हा चांगल्या सोन्याची लाखेची पाटलीही १० दाखवू शकते. ती खोटी नसते, फक्त तिच्यातलं निव्वळ सोनं वेगळं मोजावं लागतं.

मग आण्णा पाटलीकडे बघत सावकाश बोलू लागले, आणि दुपारपासून जे त्यांना सांगता येत नव्हतं ते शब्दांत आलं. “हिचा आकार बघा. भरीव असती तर हातात चाळीस ग्रॅमच्या वर लागली असती. लागते चोवीस. म्हणजे आत पोकळ किंवा लाख. पण नाद ऐका.” त्यांनी पाटली दोऱ्याला टांगून नखाने हलकेच वाजवली. आवाज स्वच्छ, लांबत गेला. “लाखेची बद्द वाजते. ही भरीव वाजते. वजन म्हणतं पोकळ, नाद म्हणतो भरीव. हेच खटकत होतं बहुतेक.”

हलकी आणि तरी भरीव. म्हणजे गाभा दुसऱ्या धातूचा. चांदीची घनता १०.५, तांब्याची ९ च्या जरा खाली. पण इथवर आलेला हाही तर्कच होता. शेवटचा उपाय एकच : पाटलीच्या फासाशी, जिथे दिसणार नाही तिथे, कानस लावून आत पाहणं. वस्तूला इजा होणार होती, म्हणून गुरुजींकडून लेखी संमती घेतली आणि पाटली शाबूत निघाली तर ती जागा सांधून देण्याचा खर्च संस्थेचा, असं लिहून दिलं. आण्णांनी कानस चार-पाच वेळा ओढली. पिवळ्याखाली लाल दिसलं.

तांबं. वर सोन्याचा चांगला जाड पत्रा. हिशेब केला तर एका पाटलीत पाचेक ग्रॅम सोनं, बाकी सगळा तांब्याचा गाभा.

खोलीत कोणी बोलेना. गुरुजींनी पाटली हातात घेतली आणि बराच वेळ त्या लाल खुणेकडे पाहिलं. मग म्हणाले, “आईच्या हातात चाळीस वर्षं पाहिल्या मी ह्या.” थोड्या वेळाने आण्णांनी सांगितलं की ऐपत नसलेली घरं पूर्वी तांब्यावर पत्रा चढवून अशा पाटल्या मुद्दाम करून घेत. काम फसवणुकीचं नाही, सुबक आहे, कुणीतरी मन लावून केलेलं. गुरुजींना आठवलं, वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षी आईने पाटल्या ‘मोडून नव्या’ केल्या होत्या. त्या वेळी काय झालं असेल ते त्यांचं त्यांनी मनाशी जुळवलं. खात्री करायला आता कोणी उरलेलं नाही.

निष्पत्ती

बांगड्यांवर १ लाख ७० हजारांचं सोनेतारण कर्ज त्याच दिवशी मंजूर झालं. उरलेले १ लाख ३० हजार दोन जामीनदारांवर दिले. त्यातला एक जामीनदार शाखेतच उभा होता, गुरुजींचाच जुना विद्यार्थी. फी वेळेत भरली गेली. दोन्ही कर्जं पुढे नियमित फिटली. पाटल्या गुरुजींनी घरी नेल्या.

संस्थेला मात्र मागे जावं लागलं. आधीच्या सराफांनी पारखलेली आणि अजून तिजोरीत असलेली पाकिटं कर्जदारांना बोलावून, त्यांच्यासमोर उघडून पाण्यात तोलली. त्या सराफांवर कारवाई करावी का, यावर समितीत चर्चा झाली. मी विरोधात होतो आणि ठरावही तसाच झाला. त्यांच्यासमोर जे होतं त्यावरून त्यांना सोनं वाटलं, शंका घ्यायला कारण दिसलं नाही, आणि आम्ही संस्था म्हणून कसोटीपलीकडची कोणतीही चाचणी कधी मागितली नव्हती.

त्या दिवशी निघताना गुरुजींनी मला एक प्रश्न विचारला, तो अजून माझ्याबरोबर आहे. “म्हणजे दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला सोनं म्हणून तांबं दिलं. मी खोटं बोललो का?” मी ताबडतोब नाही म्हणालो. उत्तर बरोबर होतं, पण त्याचं कारण नीट मांडायला मला बरेच दिवस लागले.

निर्णयाच्या जागा आणि पुन्हा करायचं झालं तर

या प्रकरणात एकाच वस्तूविषयी तिघांचं वाटणं होतं. तिघंही प्रामाणिक.

गुरुजींपासून सुरुवात करतो. आईच्या हातात सोन्याच्या दिसल्या, घरात सोन्याच्या म्हणून बोलल्या गेल्या, संस्थेने पावती दिली, आणि विरुद्ध काही कधी कानावर आलं नाही. त्यांचा विश्वास चुकीचा ठरला, पण तो निराधार नव्हता. विश्वास खोटा निघणं आणि त्याला आधार नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यातली पहिली कधीकधी नशिबाचा भाग असते. दुसरी आपल्या वागण्याचा असते. ह्यूमर आणि कुमारिल दोघंही इथे गुरुजींच्या बाजूने उभे राहतील आणि मीही राहतो. वाटण्याला काहीच किंमत नाही असं म्हणणाऱ्याने सांगावं, गुरुजींनी काय करायला हवं होतं? आईच्या पाटलीला कानस लावायची? असा माणूस घरातल्या एकाही वस्तूवर, एकाही शब्दावर विश्वास ठेवू शकणार नाही.

मॅनेजरचं वाटणं मला अवघड जातं. ते खोटं नव्हतं, पण ते जिथून आलं ती वाट पाटल्यांवरून गेलीच नव्हती. गुरुजींवरून गेली होती. कुमारिलांच्या भाषेत हा कारणदोष. पण दोष आहे हे कळल्यावरच ज्ञान बाधित होतं, आणि मॅनेजरला तो कळत नव्हता. मग त्याच्या विश्वासाला त्या क्षणी आधार होता की नव्हता? सुरुवातीला होता असं मी आज म्हणेन. पण मी त्याला सरळ विचारलं होतं, “ह्याच पाटल्या अनोळखी माणसाने आणल्या असत्या तर?” तो गप्प झाला. त्या गप्प होण्यापासून पुढे त्याला आधार उरला नाही. तरीही तो त्याच मतावर अर्धा तास राहिला. माझ्या मते ही या प्रकरणातली खरी चूक, आणि ती त्याच्या एकट्याची नाही. आम्ही सगळेच गुरुजींना नमस्कार करून आत गेलो होतो.

आण्णांचं वाटणं सगळ्यांत समृद्ध. त्यांना कारण सांगता येत नव्हतं, पण कारण होतं. हाताने आकार आणि वजन यांचा मेळ घालून पाहिला होता, कानाने टेबलावर ठेवतानाचा नाद टिपला होता, आणि दोहोंतली विसंगती मनाने फक्त ‘बरं नाही’ एवढ्याच शब्दांत कळवली होती. यावर कोणी म्हणेल, मग आधार वाटण्याचा नव्हेच, आधार त्या न बोललेल्या पुराव्याचा. या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्या दुपारी आण्णांच्या आणि आमच्या हाती पुरावा म्हणून दुसरं काहीच नव्हतं, हातात होतं ते ते वाटणंच. ते टाकून दिलं असतं तर मागचा पुरावाही त्याबरोबर गेला असता. शिवाय नंतर सापडलेलं कारण खरोखर आधीपासून होतं की पाण्याचा आकडा पाहून सुचलं, हे आण्णाही छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. ‘बहुतेक’ हा त्यांचाच शब्द.

आणि याच आण्णांना बोरमाळही ‘बरी वाटली नव्हती’. म्हणून वाटण्याच्या ठसठशीतपणावर त्याची किंमत ठरवता येत नाही. ते कशावरून आलं हे आतून दिसत नाही, म्हणून बाहेरून बघावं लागतं. इथे मी नैयायिकांकडे वळतो. ओळखीच्या, रोजच्या बाबतीत ज्ञान आपसूक विश्वासार्ह मानून चालतं. अनोळखी जागी त्याचं प्रामाण्य प्रवृत्तीच्या, म्हणजे त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या, यशावरून ठरवावं लागतं. आता शाखेत एक साधी वही आहे. दागिना हातात घेतला की काट्यावर ठेवण्याआधी आणि ग्राहकाचं नाव कळण्याआधी सराफ एक शब्द लिहितात, ‘ठीक’ किंवा ‘शंका’. पुढे चाचणीत काय निघालं ते शेजारच्या रकान्यात. ‘शंका’ पुष्कळदा फुकट जाते, दागिना चांगलाच निघतो. ते चालतं, कारण पाण्यातल्या वजनाने कोणाचं काही बिघडत नाही. दागिना कोणाचा आहे हे आधी कळू न देणं मात्र लहान गावात फार अवघड आहे. शिपाई ट्रे आत नेऊन देतो, तरी बाहेरचा आवाज आत ऐकू येतोच.

पुन्हा करायचं झालं तर पाण्यातलं वजन शंकेची वाट न बघता प्रत्येक मोठ्या दागिन्याचं करीन, आणि आता आम्ही ते करतो. पाच मिनिटं लागतात. त्यामुळे ‘तुमचंच का तपासता’ हा प्रश्न उरत नाही, मग समोर गुरुजी असोत की ऊसतोडीची बाई. कानस मात्र शेवटी, आणि संमतीनेच. समितीतल्या एकाने विचारलं होतं, असं तपासत किती खोल जायचं, कानशीवर तरी विश्वास कशावरून? कुमारिलांनी याचंही उत्तर देऊन ठेवलं आहे : तीन-चार ज्ञानांच्या पुढे जाण्याची गरज पडत नाही. आम्ही हात, कसोटी, पाणी आणि कानस इथवर गेलो. लाल दिसल्यावर पाचवं काही मागावंसं कोणालाच वाटलं नाही, आणि तिथे थांबण्यात चूक होती असं मला आजही वाटत नाही.

एक गोष्ट मी वेगळी केली असती, ती पाटल्यांच्या आधीची. बोरमाळ दाबून पाहिली जात होती तेव्हा मला स्पष्ट वाटलं होतं की हे बरोबर चाललेलं नाही. त्या वाटण्याविरुद्ध माझ्याजवळ काहीही नव्हतं, ना वेगळा पुरावा, ना कारणदोष. तरीही मी ते पुरेसं मानलं नाही. पुढच्या हंगामात टोळ्या आल्या तेव्हा मी मुकादमाकडे त्या बाईंची चौकशी केली. त्यांची टोळी त्या वर्षी दुसऱ्या कारखान्याला गेली होती.